खाटेवर मोहफुलं, जमिनीवर मी

तोंडात माती होती आणि ती थुंकता येत नव्हती.

मी स्वयंपाकघराच्या जमिनीवर कुशीवर पडले होते. उजवा हात अंगाखाली गेला होता की बाजूला होता, हे कळत नव्हतं. तो हात आता माझा नव्हता. पायही नव्हता. जीभ होती, पण ओल्या फडक्यासारखी एका गालात पडून होती. लुगडं खालून ओलं झालं होतं. डोळ्यासमोर वीतभर अंतरावर मुंग्यांची रांग चालली होती. सकाळपासून मोहफुलं उचलत होते, त्यामुळे हाताला गोड चिकट रस लागला होता. माझा हात मला सापडत नव्हता, मुंग्यांना बरोबर सापडला.

वर भिंतीवर मुलाने लावलेली पांढरी डबी होती. घरात म्हातारी हलते की नाही हे बघून ती त्याच्या फोनवर कळवते. डबीत हिरवा दिवा चालू होता. हिरवा म्हणजे सगळं ठीक.

तेवढ्यात परसाच्या कुंपणापलीकडून बोलणं ऐकू आलं. शेजारची सुमन होती आणि सोबत तिची जाऊ.

“गिरजाबाई दिसली नाई आज,” जाऊ म्हणाली.

“झोपली असन. आन् तिले काय धाड भरली? लेकानं मशीन लावून ठेवली हाये. काही झालं तं मशीनच बोंबलते.”

मी सगळा जीव एकवटून ओरडले. बाहेर आलं ते “ऊं” एवढंच. खुडूक कोंबडी याहून मोठा आवाज काढते. त्या दोघी टोपल्या घेऊन निघून गेल्या. त्यांची पावलं ऐकू येईनाशी झाली.

भीती वाटली. पण भीतीच्या आधी चीड आली. चौऱ्याहत्तर वर्षं झाली होती, मरायला माझी फार हरकत नव्हती. पण एका प्लास्टिकच्या डबीखाली, ती डबी सगळं ठीक आहे म्हणून सांगत असताना मरायचं, हे मला मंजूर नव्हतं.

हे कशाला लिहिते

मी चौथी शिकले. जन्मभर तलावाची मासळी विकली. लिहायचं काम पडलं ते सहीपुरतं. लकव्यानंतर दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी उजव्या हातात जाड पेन दिला आणि म्हणाल्या, रोज चार ओळी लिहा, हात सुधारेल. अ आ इ पासून सुरू करा. मी म्हटलं, अ आ इ मी लहानपणीच काढून ठेवली आहे, पुन्हा काढणार नाही. मग हेच लिहायला घेतलं. रोज चार ओळी. काही दिवस दोनच.

ज्यांना लकवा झाला आहे, आणि ज्यांच्या पोरांनी घरात अशी यंत्रं लावली आहेत किंवा लावायच्या बेतात आहेत, त्यांनी वाचावं. बाकीच्यांनी आपलं काम करावं.

पहिला झटका

पहिला झटका याच्या दोन वर्षं आधी आला होता. मूल गावच्या बाजारात झिंगे तोलत होते. तराजूचं पारडं हातातून सुटलं आणि झिंगे रस्त्यावर सांडले. गिऱ्हाइकाला मी काहीतरी सांगायला गेले तर शब्द भलतेच निघाले. ती बाई म्हणाली, “पिऊन आली काय?” दोन तासांत सगळं पूर्ववत झालं. मी घरी जायला निघाले होते, पण बाजारातल्या बायांनी जबरदस्तीने डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर चांगला होता. पण तो माझ्याशी बोलला नाही, मुलाशी बोलला. माझा मुलगा विलास बल्लारपूरला कारखान्यात नोकरीला आहे, तो धावत आला होता. डॉक्टर त्याला म्हणाला, “छोटा झटका आहे. बीपी खूप आहे. आजींना आता एकटं ठेवू नका.”

ठेवू नका. मी काय बोचकं आहे, इथे ठेवा आणि तिथे ठेवू नका?

विलास म्हणाला, “माय, चल बल्लारपूरले.”

मी म्हटलं, “तुह्या दोन खोल्यांत मी काय करू? कुकरच्या शिट्ट्या मोजू?”

माझा नवरा गेल्यापासून मी एकटी राहते. सकाळी उठून कोणाला विचारावं लागत नाही. हे सुख काय असतं ते ज्यांना मिळालं नाही त्यांना समजणार नाही. मी गेले नाही. दोन वर्षं त्याने सांगून बघितलं, मग मशीन आणली.

पट्टा

मशीन लावायला नागपूरचा एक माणूस आला. गळ्यात टाय, चैत्राच्या उन्हात. सगळे प्रश्न त्याने विलासला विचारले. आजी रात्री किती वेळा उठतात? आजी पडल्या आहेत का कधी? मी तिथेच उभी होते. चहाही मीच दिला.

त्याने चार वस्तू लावल्या. दाराला एक डबी, दार उघडलं की कळवणारी. खाटेवरच्या गादीखाली एक पातळ चटई, मी खाटेवर आहे की नाही ते सांगणारी. स्वयंपाकघराच्या भिंतीवर ती पांढरी डबी. आणि माझ्या मनगटाला पट्टा. त्यावर लाल बटण. काही झालं की दाबायचं.

भिंतीची डबी लावताना त्याने विचारलं, “मांजर, कोंबड्या आत येतात का?”

“येतेत ना,” विलास म्हणाला.

“मग गुडघ्याच्या वरचंच दिसेल असं बसवतो. नाहीतर मांजर फिरलं तरी आजी फिरल्या असं दाखवेल.”

दोघांनाही ही युक्ती फार आवडली. जमिनीवर पडल्यावर म्हातारी मांजरात जमा होते, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही, तेही लिहून ठेवते.

दाराच्या डबीने पहिल्याच दिवशी विलासचं डोकं उठवलं. दार उघडे आहे, दार उघडे आहे, असं त्याच्या फोनवर येत राहिलं. दार उघडं असणारच. आमच्याकडे सकाळी उघडलेलं दार झोपतानाच लागतं. दिवसा दार लावलं तर घरात कोणी मेलं की काय म्हणून लोक विचारायला येतात. तिसऱ्या दिवशी त्याने ती घंटी बंद करून टाकली.

आमच्या गावाच्या शिवेवर वनखात्याचे कॅमेरे झाडांना बांधलेले असतात. वाघ समोरून गेला की फोटो निघतो. एखाद्या वाघिणीच्या गळ्यात पट्टाही असतो, ती कुठे फिरते ते कळावं म्हणून. सुमनने माझं मनगट बघितलं आणि कुंपणाला टेकून हसत सुटली.

“काय वं बाई, तुले बी पट्टा? कोणाच्या बकऱ्या खाल्ल्या तू?”

“तुह्या सासूची खाल्ली.”

“पिंजरा केव्हा आणते मंग विलासभाऊ?”

मीही हसले. पण त्यानंतर एक गोष्ट झाली, ती माझ्या उशिरा लक्षात आली. सुमन रोज सकाळी कुंपणावरून ओरडायची, “चहा झाला काय वं?” मी म्हणायची, “तुह्या दुधाची वाट पाहून राह्यली.” मग ती आत यायची, चुलीपुढे बसायची, आम्ही दोघी आपापल्या सुनांची उणीदुणी काढायचो. मशीन लागल्यापासून तिचं ओरडणं कमी झालं. मग बंद झालं. इतर बायाही ओसरीवरूनच बोलून निघून जायच्या. मला वाटलं, मोहाचे दिवस आहेत, कामं आहेत.

विलासचंही तसंच. आधी रोज संध्याकाळी फोन करायचा. “माय, काय जेवली?” मी खोटं सांगायची, तो खोटं ऐकून घ्यायचा, बरं चाललं होतं. मशीन आल्यावर त्याने विचारायचं सोडलं आणि सांगायला सुरुवात केली. “माय, तू काल चारदा उठली.” “माय, तू सकाळपासून स्वयंपाकघरात गेली नाई.” अरे, मी उठले ते मला माहीत आहे. मला माझीच बातमी सांगायला तुला जन्म दिला का?

त्या दिवशी

आमच्या बांधावर मोहाचं एक झाड आहे. फुलं पहाटे गळतात. उन्हं चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर माकडं, गुरं खाऊन जातात. डॉक्टरने वाकायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मोह उभ्याने वेचता येत असता तर मी डॉक्टरचं ऐकलं असतं.

पाच-सहा दिवसांची फुलं अंगणात वाळत घातली होती. त्या सकाळी आठच्या सुमारास आभाळ काळं झालं. अर्धवट वाळलेल्या मोहावर पाणी पडलं की तो सडतो, मग त्याला ढोरंही तोंड लावत नाहीत. मी टोपलीने भरभर आत न्यायला लागले. जमिनीवर ओल लागते, मुंग्या लागतात. म्हणून खाटेवर जुनी चादर टाकली आणि त्यावर ओतत गेले. आमच्याकडे असंच करतात. खाट माणसासाठी असते तशी धान्यासाठी असते, मिरच्यांसाठी असते, मोहासाठी असते. माणूस तेवढे दिवस खाली झोपतो.

मनगटाच्या पट्ट्याला चिकट रस लागत होता, म्हणून तो काढून खुंटीला अडकवला. बीपीची गोळी जेवणानंतर घ्यायची असते. जेवायला वेळ नव्हता, म्हणून गोळी घेतली नाही. या दोन चुका माझ्या. मशीनवर ढकलत नाही.

शेवटची टोपली ओतून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. गडव्याला हात लावला आणि हात पुढे गेलाच नाही.

पाऊस आला नाही, हेही सांगून ठेवते. आभाळ तासाभरात मोकळं झालं.

बल्लारपुरात

पुढचं मला नंतर कळलं. काही विलासकडून, काही सुनेकडून.

दहाच्या चहाला विलासने कारखान्यात फोन काढून बघितला. स्वयंपाकघर रिकामं. खाटेवर वजन आहे. मशीनने लिहिलं होतं, विश्रांती सुरू. मोहफुलं विश्रांती घेत होती. विलास खूश झाला. त्याने बायकोला फोन केला.

“माय आज आराम करून राह्यली. सुधरली वाटते.”

“फोन करू काय त्यायले?”

“नको, झोपू दे. उठवू नको.”

माझी सून छाया वरोऱ्याकडची आहे. घरी ब्लाउज शिवते. तिच्याबद्दल मी आजवर चांगलं बोलले नाही आणि आताही फार बोलणार नाही. तिचं आणि माझं पहिल्या वर्षापासून जमत नाही. ती बाळंतीण असताना दुपारी झोपायची. मी म्हणायची, “आम्ही दिवसा आंग टाकलं नाई कधी. विलास झाला, पाचव्या दिवशी मी बाजारात होती.” हे मी तिला इतक्यांदा ऐकवलं की तिला पाठ झालं.

दोन वाजता छायाने शिलाई बाजूला ठेवून स्वतःच्या फोनमध्ये बघितलं; विलासने मशीन तिच्याही फोनला जोडून दिली होती. अजून विश्रांती. अडीचला पुन्हा बघितलं. तशीच विश्रांती. तिने विलासला फोन लावला.

“तुमची माय उठली नाई अजून.”

“झोपली असन. तब्येत हाये, लागते झोप.”

“दिवसा?”

“मशीन सांगते ना.”

“मशीनले सासू नाई. मले हाये. त्या दिवसा झोपत नाईत. मेल्या तरी झोपायच्या नाईत, बसून राह्यतीन. काहीतरी झालं हाये.”

मग तिने मला फोन लावला. तो फळीवर वाजत होता, मी खाली ऐकत होते. त्यानंतर सुमनला लावला. सुमन मोह विकायला दुकानात गेली होती. तिने चौथ्या वेळी उचलला.

सुमन आली

दार उघडंच होतं. ती हाका मारत आली आणि आधी खाटेकडे गेली. मला तिचा आवाज ऐकू आला.

“अवं, हा तं मोह हाये! बाई कुठी हाये?”

मग तिने मला बघितलं. किंचाळली, पण लगेच गप्प झाली. पदर पाण्यात बुडवून तिने आधी माझ्या हातावरच्या मुंग्या पुसल्या. मग तोंडातली माती बोटाने काढली. लुगडं ओलं आहे हे तिला दिसलं. बाहेर माणसं जमत होती. त्यांना तिने दाराबाहेरच थांबवलं.

“कोणी आत येऊ नका. मी लुगडं बदलून राह्यली. गाडी पाहा तुम्ही.”

माझी लाज तिने त्या वेळी राखली. आजारपणात माणूस पुष्कळ विसरतो. हे मी विसरले नाही.

सरकारी गाडी यायला वेळ होता. मासेमारी सोसायटीची पिकअप उभी होती, बर्फाच्या पेट्यांची. त्यात गादी टाकून मला निजवलं. मासळीचा वास येत होता. त्या वासाने मला बरं वाटलं. वाटलं, मी अजून माझ्याच जगात आहे. सुमन माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती रडत म्हणत होती, “सकाळी मी कुंपणापाशीच होती वं, गिरजे. मी तिथीच होती.” मला माहीत होतं. मला बोलता येत नव्हतं, तेच बरं होतं.

दवाखाना

चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टरने विलासला विचारलं, “कधी झालं?”

विलास म्हणाला, “सकाळी. पण दहा वाजता झोपून दिसत होती वो.”

डॉक्टर म्हणाले, रक्ताची गाठ असेल आणि पहिल्या काही तासांत आणलं तर एक सुई देता येते. ती वेळ निघून गेली. विलास तिथेच भिंतीला धरून खाली बसला. मला त्याची दया आली नाही. शिवी आली. ती तोंडातून बाहेर पडायला पुढे बरेच दिवस लागले, पण मी ती जपून ठेवली आणि दिली.

नाकातून नळी, त्यातून पेज. कमरेला लहान लेकरासारखा लंगोट. रोज सकाळी कोणीतरी डॉक्टर येऊन म्हणे, “आजी, हसून दाखवा.” तोंड किती वाकडं आहे ते बघण्यासाठी. हसण्यासारखं काय आहे, हे कोणी सांगत नव्हतं. “आजी, डावा हात वर करा. आजी, हे काय आहे?” पेन दाखवत. पेन आहे हे मला दिसत होतं. शब्द येत नव्हता. शब्द येत नाही म्हणजे अक्कल गेली, असं भेटायला येणारे नातेवाईक धरून चालतात. माझ्या उशाशी बसून माझ्याच नणंदेने विचारलं, “घर कोणाच्या नावावर हाये?” सहाव्या दिवशी माझा पहिला शब्द आला. तो होता, “नको.” पेज घेऊन आलेल्या नर्सला म्हटला. ती इतकी खूश झाली की तिने पेज परत नेली.

झाडझूड करणारी एक बाई होती. तिने कोणी न सांगता माझे केस विंचरले. केसांत मेलेल्या मुंग्या होत्या. ती म्हणाली, “माय, कुठी झोपली होती?” तिने दुसरं काही विचारलं नाही. दोन दिवसांनी पुन्हा आली, तेल घेऊन.

छायाने माझं सगळं केलं. लंगोट बदलले, अंग पुसलं. नाक मुरडून केलं. मला तेच बरं वाटलं. नाक न मुरडता असलं काम करणाऱ्या बाईवर माझा विश्वास नाही, ती कोणाला तरी दाखवत असते.

एकदा ती माझी कूस बदलताना म्हणाली, “बाळंतपणात झोपल्या नाई म्हणत होत्या ना? घ्या, आता झोपा.”

मी हसले. वाकडं हसले, पण डॉक्टरच्या सांगण्याशिवाय हसले.

टायवाला पुन्हा आला

दोन महिन्यांनी मी काठी धरून चालायला लागले आणि हट्टाने घरी आले. विलासने त्या नागपूरच्या माणसाला बोलावलं होतं. आता त्याला पुढची मशीन लावायची होती. कॅमेरा. प्रत्येक खोलीत.

तो मला म्हणाला, “आजी, खाटेवर सामान ठेवायला नको होतं.”

मी म्हटलं, “खाट माही हाये.”

“नाही, म्हणजे मशीनने बरोबरच सांगितलं. खाटेवर वजन होतं.”

हे मात्र खरं होतं. मशीन खोटं बोलली नव्हती. तिला वजन समजतं, म्हातारी समजत नाही. हे त्याला त्याच्या कंपनीने सांगितलेलं दिसत नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर विकताना सांगायचं नसेल.

“कॅमेऱ्यात सगळं दिसेल,” तो म्हणाला. “अगदी जमिनीवर पडलात तरी.”

“न्हाणीत बी लावता काय? मी तिथी जास्त घसरते.”

तो विलासकडे बघायला लागला. विलास जमिनीकडे.

मी म्हटलं, “भाऊ, चहा पी आन् जा. तुह्या घरी म्हातारी असन तं तिच्या न्हाणीत लाव आधी. तिनं काय म्हटलं ते मले येऊन सांग.”

त्याने चहा घेतला नाही.

मग विलास आणि मी भांडलो. खूप वर्षांनी नीट भांडलो. तो म्हणाला, “माय, तू मरून गेली असती तं लोक मले काय म्हणले असते?” मी म्हटलं, “तेच तं. मशीन माह्यासाठी नाई, लोकायसाठी हाये.” तो रडला. मग मला थोडी दया आली. तो वाईट मुलगा नाही. त्याला काळजी होती. पण रोज उठून काळजी करणं जड जातं, म्हणून ती त्याने भिंतीला टांगली. पुष्कळ लोक तसंच करतात.

सुमनलाही विचारलं. “काऊन येत नव्हती तू?”

ती म्हणाली, “गावात समदे म्हणत होते, मशीनीत आयकू येते. आपण तुह्या सुनेचं बोलतो, माह्या सुनेचं बोलतो, ते सगळं विलासभाऊच्या फोनवर जात असन. मले वाटलं, तिच्या घरी भांडण कशाले लावू?”

मशीनला ऐकूच येत नव्हतं. तिला कान नव्हते. पण गावाने तिला कान लावले आणि माझ्या घरी येणाऱ्या बायांचे पाय थांबले. त्या सकाळी सुमन आत आली असती तर मी साडेनऊलाच गाडीत असते. ज्यांनी घरात असलं काही लावलं आहे त्यांनी एवढं करा. शेजाऱ्यांना बोलवा, डबी हातात द्या, तिला काय कळतं आणि काय कळत नाही ते सांगा. नाहीतर म्हातारं माणूस मशीनसोबत एकटं उरतं.

आता

दाराची डबी, गादीखालची चटई आणि भिंतीची डबी काढली. पट्टा ठेवला. तो मी दाबला तरच बोलतो, माझ्या मागे चहाड्या करत नाही. मोह वेचतानाही घालते. रस लागला तर लागला. गोळी आता जेवण असो नसो घेते, डॉक्टरला विचारून.

छायाने तिची वेगळी अट घातली. “मी रोज सकाळी सात वाजता फोन करन. तुम्ही नीट बोलल्या तं मी लगेच सुमनबाईले धाडन. नीट बोलल्या म्हणजे काहीतरी बिघडलं.”

म्हणून रोज सकाळी सात वाजता मी तिला एक शिवी देते. ती म्हणते, “ठीक हाये,” आणि फोन ठेवते. आमचं एवढं गोड बोलणं लग्नापासून कधी झालं नव्हतं.

उजवा पाय ओढत चालते. उजव्या हाताने झिंगे सोलता येत नाहीत. तराजू धरता येत नाही. बाजार सुटला. ते परत येणार नाही, असं व्यायामाच्या बाईंनी सरळ सांगितलं. सरळ सांगितलं म्हणून मी त्यांच्यावर विश्वास ठेवते.

कमल

शेवटी हे लिहिते, कारण लोक मला विचारतात की यातून काय शिकायचं.

त्याच दिवशी, मला आणलं त्याच्या आधी थोडा वेळ, पोंभुर्ण्याकडची एक बाई दवाखान्यात आली. कमल नाव. पन्नाशीचीही नसेल. घरी जेवण वाढताना तिचा हात लुळा पडला. समोर घरची आठ माणसं होती. त्यांनी तासाभरात आणलं. तिला सुई मिळाली. दुसऱ्या दिवशी ती माझ्या शेजारच्या खाटेवरून बोलत होती, स्वच्छ बोलत होती. मला तिचा हेवा वाटत होता. ती म्हणाली, “बाई, मी आधी जाते घरी. तुमी मंग या.”

सगळं जसं व्हायला पाहिजे तसं तिचं झालं होतं. माणसं होती, वेळ होती, औषध होतं. म्हणून उशीर करा असं मी म्हणत नाही. लवकरच न्या, धावत न्या. पण याचा हिशेब लागतो असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडे बघून मान हलवा आणि पुढे चला.

कमल पाचव्या दिवशी त्याच खाटेवर गेली. मी साडेसहा तास जमिनीवर होते. मी वाचले.